वॉचमनच्या एजन्सीला परवाना लागतो, आयांच्या ब्यूरोला का नाही?

मा. संपादक महोदय,

आपल्या अंकातल्या छोट्या जाहिराती मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो. निवृत्तीनंतरचा चाळा म्हणा. अलीकडे 'घरगुती रुग्णसेवा' या मथळ्याखाली एकाच साच्यातल्या जाहिराती येऊ लागल्या आहेत : 'सरकारमान्य, परवानाधारक ब्यूरो. १२ व २४ तास आया, वॉर्डबॉय, नर्स मिळतील. खासगी बाई ठेवून पस्तावू नका.' माझी सारी नोकरी कामगार खात्यात गेली, दुकाने निरीक्षक म्हणून. वाण्याच्या दुकानापासून कॉल सेंटरपर्यंत कुणाच्या भिंतीवर कोणता कागद टांगलेला असतो आणि त्याला किती किंमत द्यायची, एवढे मला कळते. म्हणून विचारतो, हा परवाना यांना दिला कोणी?

महाराष्ट्रात घरोघरी माणसे पाठवणाऱ्या रुग्णसेवा ब्यूरोसाठी वेगळा परवाना नाही. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे, पण तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागेसाठी. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. मग ब्यूरोच्या भिंतीवर असते काय? गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा नोंदणीचा कागद. गुमास्ता सांगतो की या पत्त्यावर धंदा चालतो. धंदा साड्यांचा असो, मोबाइल दुरुस्तीचा असो, की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचा. त्यात २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी माणसे असलेल्यांची नोंदणीच काढून टाकली. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती छापून घ्यायची, झाले काम. निरीक्षकाचाही त्याच कायद्याने 'सुविधाकार' झाला. मी त्याच्या जरा आधी सुटलो हे बरे. ब्यूरोवाले हिशेब असा मांडतात : कार्यालयात मालक, फोन घेणारी मुलगी आणि एक पोऱ्या, म्हणजे तीन माणसे. वहीत नावे असलेल्या पन्नास-साठ बायका त्यांच्या लेखी कामगार नाहीतच, त्या 'कँडिडेट'.

मी ज्या ब्यूरोत गेलो तिथे तीन फ्रेमा होत्या. एक गुमास्त्याची पावती. दुसरे छोट्या उद्योगांच्या नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्र, जे कोणीही घरबसल्या स्वतःची माहिती स्वतःच भरून फुकट काढू शकतो. तिसरे आयएसओचे, चकचकीत सोनेरी कडांचे. मी चष्मा लावून तिन्ही वाचले तेव्हा फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, सगळं गव्हर्न्मेंट रजिस्टर आहे." तिचा दोष नाही, तिला तसेच सांगितले असणार.

आता मी तिथे का गेलो ते सांगतो. माझी थोरली बहीण नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. वय ७९, शाळेतून निवृत्त, एकटी. गेल्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, गिळता येईना. रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा नाकात रायल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी, लघवीला कॅथेटर, आणि हातात एक पानभर सूचना. आम्ही ठाण्याला नौपाड्यात. माझी पत्नी पहिले काही दिवस तिथेच राहिली, पण तिचे स्वतःचे गुडघे तिला दुसऱ्या मजल्यावर चढू देत नाहीत. तेव्हा माणूस ठेवणे आलेच. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको की हा निर्णय डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या रांगेत उभे राहून, अर्ध्या तासात घ्यावा लागतो.

ब्यूरोचा दर बारा तासांचे ९०० रुपये. एक महिन्याची रक्कम आगाऊ, वर नोंदणी शुल्क वेगळे. फोनवर प्रश्न ठरलेले : पेशंट मेल की फीमेल, वजन किती, डायपर की बाथरूम, नळी आहे का. नळी आहे म्हटल्यावर मुलगी म्हणाली, मग नर्स पाठवते, २०० रुपये जास्त.

नर्स आली. विशीतली मुलगी, ब्यूरोने दिलेला पांढरा कोट. स्वभावाने गोड. दुपारी दोनच्या फीडिंगला माझी पत्नी शेजारच्या खोलीत होती. खोकल्याचा आवाज आला म्हणून ती डोकावली. ताई पलंगावर सपाट आडवी, आणि मुलगी सिरिंजचा दट्ट्या दाबून पेज ढकलते आहे. ताईचे डोळे पांढरे व्हायच्या बेतात. पत्नीने हात धरला, ताईला उचलून तिच्या पाठीशी उशा रचल्या. रुग्णालयातल्या सिस्टरने आम्हाला नीट दाखवले होते : डोक्याकडची बाजू उंच करून बसते करायचे, नळी जागेवर आहे ना ते बघायचे, दट्ट्या काढून नुसती सिरिंज उंच धरायची, पातळ पदार्थ आपल्या वजनाने सावकाश उतरू द्यायचा, मागून पाणी सोडायचे, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही. नाहीतर ते पोटातून उलटे वर येऊन फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. पक्षाघाताचे अनेक रुग्ण झटक्यातून वाचतात आणि या न्यूमोनियाने जातात.

संध्याकाळी मुलीशी बोललो. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती. ब्यूरोत दोन दिवस 'ट्रेनिंग' झाले, त्यात बीपीचे मशीन आणि डायपर. नळीचे काय, विचारले. "मॅडम म्हणाल्या पेशंट स्टेबल आहे, जास्त काही नसतं." १,१०० रुपयांतले तिच्या हातात ६०० पडत होते. तिच्यावर राग धरायचा तरी कसा?

नर्स हा शब्द असा कुणाच्याही अंगावर कोटासारखा चढवता येत नाही. एएनएम, जीएनएम यांसारखा परिचर्येचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते आणि त्याला क्रमांक मिळतो. जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याखाली घरी काळजी घेणाऱ्या मदतनिसांसाठी 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' असे कौशल्य विकासाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची प्रमाणपत्रे असतात. म्हणजे चाळणी लावायची ठरवली तर साधन आहे. ब्यूरोला ती लावायला कोणी सांगत नाही, इतकेच.

मी फोन केल्यावर ब्यूरोने दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत बदली बाई पाठवली, तीही जाणती. हे त्यांच्या बाजूचे आहे आणि ते मोठे आहे. ब्यूरोकडे वहीत पन्नास नावे असतात, एकीला ताप आला तर दुसरी येते. मात्र दुसऱ्या महिन्यात चार चेहरे बदलले. ताईला बोलता येत नव्हते, डोळ्यांनी ओळखायची. दर नव्या बाईला औषधे, अॅलर्जी, कुठल्या कुशीवर झोपते, हे पहिल्यापासून सांगायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम चौथीपर्यंत पोचेतो 'दिवसातून दोनदा' झाला होता. माकडहाडावर लाल चट्टा दिसला त्या दिवशी मी कराराचा कागद पहिल्यांदा शांतपणे वाचायला घेतला.

करार दोन पानी, इंग्रजीत, बारीक टायपात. त्यातले सार मराठीत देतो. चोरी, नुकसान, रुग्णास इजा अथवा मृत्यू यांस ब्यूरो जबाबदार नाही. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. ब्यूरोच्या बाईला परस्पर कामावर ठेवल्यास दहा हजार रुपये दंड. म्हणजे जीव गेला तर जबाबदारी शून्य, आणि कमिशन गेले तर दहा हजार. इतका प्रामाणिक कागद मी नोकरीतही क्वचित पाहिला.

त्यानंतर आम्ही खासगी बाई ठेवली. ओळखीतून, ठाण्याजवळच्या दिवा गावात राहणारी. एका खासगी रुग्णालयात बरीच वर्षे वॉर्डात आया म्हणून काम केलेली. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणू लागलो, वयाने माझ्याहून लहान असल्या तरी. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला पलंगावरून खुर्चीत घेतले ते मी पाहत राहिलो. खुर्ची ताईच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ओढली. ताईच्या कमरेला जुन्या नऊवारीची दुहेरी घडी बांधली, तिला धरले, ताईचा लुळा गुडघा स्वतःच्या दोन गुडघ्यांत अडकवला आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या तोंडाकडं बघा. खाली न्हाई बघायचं." एका झोक्यात ताई खुर्चीत. पंधरा दिवसांत चट्टा सुकला. गिळण्याचे व्यायाम सुरू झाले, नळी निघाली, आणि पहिला घास मऊ वरणभाताचा गेला. मावशींना दिवसाचे ८०० रुपये मिळत, सगळे त्यांच्या हातात.

इथे थांबलो असतो तर आपल्या वाचकांना सांगितले असते, ब्यूरो सोडा, ओळखीची बाई पाहा. पण तसे नाही. मावशी दिव्याहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला यायच्या. रविवारी मेगाब्लॉक लागला की आमचा जीव टांगणीला. पुढे त्यांचे सासरे जालन्याला वारले. पहाटे फोन आला, "दादा, निघाले," आणि मग बरेच दिवस फोन बंद. बदली द्यायला कोणी नाही. मी, मुलगी, जावई, शेजारच्या वहिनी, सगळ्यांनी पाळ्या लावल्या. शेवटी त्याच ब्यूरोला फोन करून चढ्या दराने बाई घ्यावी लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्याहून मोठी गोष्ट मला नंतर सुचली, आणि ती नोकरीच्या सवयीने. मावशींच्या बाबतीत मालक मीच. एकदा ताईला सावरताना त्यांच्या कमरेत उसण भरली. औषधपाणी आम्ही केले, चार दिवसांचा पगार दिला. पण तो आमचा चांगुलपणा. दुसऱ्या घरी दिला नसता तर त्या कुणाकडे दाद मागणार होत्या? आणि उलट बाजूने, त्यांच्या हातून काही बरेवाईट झाले असते तर मी? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून वैयक्तिक सेवेचा करार वगळलेला आहे. घरी स्वतः ठेवलेल्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. ब्यूरोकडून पैसे मोजून सेवा घेतली तर मात्र आपण ग्राहक. सेवेत त्रुटी म्हणून जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्कही नाही. तो एकतर्फी करारदेखील 'अनुचित करार' म्हणून आव्हान देण्याजोगा आहे. त्यासाठी मात्र जिल्ह्यात नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते. कायद्याच्या हिशेबाने ब्यूरोचे पारडे जड आहे, अट एकच, पावती हवी. आणि पावती मागितली की ब्यूरो म्हणतो, "जीपे केलंत ना काका, तेच प्रूफ." ते पैसे मालकाच्या बायकोच्या खात्यात गेलेले असतात. मी तीन वेळा मागून, शेवटी त्यांच्या खुर्चीसमोर बसून राहून, शिक्क्याची पावती घेतली. हा माझा जुना धंदा असल्यामुळे जमले.

माझे मत विचाराल तर असे : नुसती सोबत, आंघोळ, जेवण, चालवणे एवढेच असेल तर ओळखीतली, आधी कुठे काम केले त्या घराशी आपण स्वतः बोललो आहोत अशी बाई उत्तम. तिच्या आधारची प्रत, फोटो, गावचा पत्ता घ्यावा, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, आणि हे करताना तिला चोर ठरवल्यासारखे वागू नये. पगार, सुट्टी, जेवण, आजारपणातले पैसे, हे पहिल्याच दिवशी साध्या मराठीत कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एक बदली बाईही आधीच बघून ठेवावी. पण नाकात नळी, गळ्याला छिद्र, कॅथेटर, इन्सुलिन, सक्शन यांतले काहीही असेल तर परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक दाखवणारी नर्सच हवी, मग ती ब्यूरोतून येवो की ओळखीतून. चोवीस तास परवडत नसेल तर दिवसातून दोन खेपा तरी. दागिने, रोकड, एटीएमचा पिन, हे सगळे लोक सांगतातच. पण नळीचा धोका कोणी सांगत नाही, कारण त्यात चोरीसारखी बातमी होत नाही.

आता सरकारकडे वळतो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पाठवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. रक्षकाची पोलीस पडताळणी लागते, प्रशिक्षण लागते. महाराष्ट्र तर याबाबत आधीच पुढे होता, १९८१ पासून आपल्याकडे सुरक्षा रक्षकांचा वेगळा कायदा आणि मंडळ आहे. त्याही आधी, १९६९ साली, याच राज्याने माथाडी कायदा केला. आमच्या ताईच्या घरापासून थोड्या अंतरावर वाशीच्या बाजारात कांद्याची गोणी पाठीवर घेणाऱ्या माणसाची टोळी नोंदलेली असते, मजुरी मंडळात जमा होते, वर मालकाला लेव्ही म्हणून जादा आकार भरावा लागतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार. मधल्या कंत्राटदाराने निम्मी मजुरी खायची सोय त्या कायद्याने मोडली. गोणी उचलणाऱ्याला हे पंचावन्नहून अधिक वर्षांपूर्वी मिळाले. माझी बहीण उचलणाऱ्या बाईला अजून नाही, आणि तिची जवळजवळ निम्मी मजुरी ब्यूरो रोज खातो आहे.

केंद्राने एकदा हालचाल केली होती. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. त्यात ज्येष्ठांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि प्रशिक्षित मदतनिसांची तरतूद होती. स्थायी समितीकडे गेले, अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते गतप्राण झाले. त्यावर वर्तमानपत्रांत दोन ओळी आल्याचेही मला आठवत नाही. छत्तीसगडसारख्या राज्याने घरकामाला माणसे पुरवणाऱ्या एजन्सींसाठी २०१३ मध्येच कायदा केला, तेव्हा हे राज्यांच्या हातात नाही असे म्हणायला जागा नाही.

यात आपल्या वृत्तपत्रालाही करण्यासारखे आहे. 'सरकारमान्य' असा शब्द असलेली जाहिरात घेताना कोणत्या खात्याची मान्यता, क्रमांक काय, एवढे काउंटरवर विचारा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी छापणाऱ्यालाही दंडाची तरतूद कायद्यात आहे. नेहमीच्या व्यवहारात छापली म्हणून सुटकेची वाटही आहे, पण ती वाट तुम्ही वापरावी असे मला वाटत नाही. ज्यांच्याकडे क्रमांक नसेल ते नुसते 'ब्यूरो' लिहितील, त्याला हरकत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना कायदा करता येत नाही, यादी तर करता येते. दोन्हींकडे आरोग्य विभाग आहे, प्रभागवार नागरी आरोग्य केंद्रे आहेत. ज्या ब्यूरोला यादीत यायचे असेल त्याने आपल्या नर्सचे परिषदेचे क्रमांक, मदतनिसांची प्रमाणपत्रे, पोलीस पडताळणी आणि मराठीतला कराराचा नमुना जमा करावा. 'इजा किंवा मृत्यूस जबाबदार नाही' हे कलम असेल तर नाव यादीत नाही. खासगी काम करणाऱ्या मावशींसारख्या बायकांनाही त्याच यादीत स्वतंत्रपणे नाव घालता यावे, म्हणजे बदली शोधणाऱ्याला ब्यूरोच्या दारात परत जावे लागणार नाही. आणि प्रत्येक ब्यूरोच्या नावापुढे दोन आकडे छापावेत : रुग्णाच्या घरून दिवसाला किती घेतो आणि त्यातले बाईला किती देतो.

आपला,
एक निवृत्त दुकाने निरीक्षक
नौपाडा, ठाणे (प.)

(ता. क. : ताईचे नाव येऊ नये म्हणून माझेही छापू नये, ही विनंती. ब्यूरोचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. बाकीच्यांच्या भिंतींवरही तेच कागद आहेत.)